लायब्ररी टाकली

१२ मे

ज्युनिअर कॉलेजातलं माझं ग्रंथपालाचं काम आज संपलं. ग्रंथालयाच्या खोलीत आता संगणक येणार आहेत. संस्थेच्या सचिवांनी चहा पाजला, शाल दिली आणि म्हणाले, "मॅडम, पोरं आता मोबाइलवरच वाचतात." मी वाद घातला नाही. घालायला हवा होता का, याचा विचार घरी येईपर्यंत चालला होता. पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत. कोणत्या पोत्यात काय आहे हे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. निघण्याआधी मी ते केलं.

१९ मे

जेवताना ह्यांनी विषय काढला. "दुकानावरची जागा रिकामीच हाय. पाइप खाली गोदामात हलवतो. वर लायब्ररी टाक."

आमच्याकडे हॉटेल टाकतात, गिरणी टाकतात, तशी हल्ली लायब्ररी टाकतात. भरतीची तयारी करणारी मुलंमुली दिवसभर बसून अभ्यास करतात ती जागा.

"पुस्तकं कुठून आणायची?" मी विचारलं.

"पुस्तकं कशाला? ज्याची त्यानं आणायची. आपण खुर्ची, पंखा, वायफाय आन् गार पाणी द्यायचं."

"मग ती लायब्ररी कशी?"

"तू एमलिब झालीस न्हवं? मग झाली की लायब्ररी."

सासूबाई हसल्या. मलाही हसू आलं. नंतर जरा लागलं.

२३ मे

गावातल्या अशा काही जागा पाहून आले. प्रत्येकीच्या दारावर 'लायब्ररी' लिहिलेलं, आत एक पुस्तक नाही. एका ठिकाणी काचेचं कपाट दिसलं म्हणून आशेनं जवळ गेले. आत चार्जर आणि उदबत्तीचा पुडा होता. मुलं मात्र मान खाली घालून अभ्यास करत होती, हेही लिहायला हवं.

९ जून

सुरू झाली. बोर्ड ह्यांनी परस्पर रंगवून घेतला: 'लायब्ररी'. मी काही बोलले नाही, कारण पाइप हलवताना ह्यांची पाठ धरली होती आणि ती वेळ नव्हती. मधे प्लायवूड घालून दोन भाग केलेत. रस्त्याकडे मुलं, आत मुली. मुलींच्या भागाला वेगळं दार आहे. त्यांना निवांत वाटावं म्हणून मी आग्रहानं आतून जाड कडी बसवून घेतली.

पहिली आली ती नसीम. आमच्या समोर दिलावरभाईंचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे, त्यांची थोरली. डी.एड. झाली आहे, नोव्हेंबरातली टीईटी देणार. घरी दोन खोल्या आणि सात माणसं. दुसरी शिवांजली. ती नेकनूरहून सकाळच्या एसटीनं येते.

१८ जून

नसीम आली की पुस्तक उघडते आणि त्यावर डोकं ठेवून तासभर झोपते. पहिल्या दिवशी वाटलं की सांगावं. मग वाटलं, खुर्ची तिची आहे. आज तिनंच सांगितलं, "मॅडम, घरी दिवसा कुणी झोपू देत न्हाई. आणि सकाळी पाण्याला मीच उठते." मी म्हटलं, "अभ्यास होतोय ना?" ती म्हणाली, "झोपल्यावर लई होतो."

३ जुलै

मुली वाढत आहेत. त्यांच्यासाठी म्हणून मी दिवसभर वरच बसते. सासूबाईंनी आज विचारलं, "हिशोबाला एवढा वेळ लागतो का गं?" मी हो म्हटलं. हिशोब अर्ध्या तासाचा असतो. उरलेला वेळ मी काय करते, हे मलाही नीट सांगता येणार नाही. खिडकीपाशी बसते. घरी पुढच्या खोलीत ह्यांची लिंगपूजा, नंतर सासूबाईंचा टीव्ही, मागच्या खोलीत कपडे आणि धान्य. ही वही मी गेली कित्येक वर्षं ओट्यावर, कुकरच्या शेजारी लिहीत आले. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

२२ जुलै

रामहरी मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघे धरून, कठडा पकडत ते आज वर आले. वर आल्यावर चष्मा पुसून इकडेतिकडे पाहिलं.

"कपाटं कुठं हायेत?"

"मास्तर, इथं मुलं आपापली पुस्तकं आणतात."

"मग लायब्ररी कावून लिव्हलंय?"

मी त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि एकेक पायरी करत उतरले. अठरा वर्षं मी मुलांना शिकवलं की ग्रंथालय म्हणजे वाचकाला पुस्तक मिळण्याची जागा. आणि माझ्याच दारावर हे. बोर्ड बदलायचा, हे ठरवलं.

१ ऑगस्ट

नाव काय द्यायचं यावर दोन दिवस गेले. 'अभ्यासिका' मला आवडत होतं. हे म्हणाले, "त्ये लहान पोरांच्या शिकवणीवानी वाटतं. नव्या जागा समद्या 'स्टडी रूम' हायेत." मी विचार केला. अभ्यासाची खोली. खोलीला खोली म्हणण्यात खोटं काहीच नाही.

पेंटर सिद्धाराम शिडीवर चढून म्हणाला, "मॅडम, पुसू का खरंच? चांगला शब्द हाय."

"पुसा."

नसीम खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "मॅडम, खाली बारीक अक्षरांत का होईना, लायब्ररी राहू द्या की."

"नसीम, बारीक अक्षरांतलं खोटं जास्त वाईट."

ती जिना चढून वर गेली. वाक्य मला बरं सुचलं असं वाटलं, म्हणून इथे लिहून ठेवते. आज बऱ्याच दिवसांनी मन स्वच्छ आहे.

१९ ऑगस्ट

मुली कमी झाल्या आहेत. मुलं तेवढीच आहेत. श्रावण, सणवार, हे कारण असेल. किंवा मुलींच्या बाजूचा पंखा आवाज करतो, तो. पंखा बदलून घेतला.

२६ ऑगस्ट

पंखा कारण नव्हता. शिवांजली आठवडाभर आली नाही म्हणून फोन केला. "घरचे म्हणत्यात, लायब्ररीला जायचं तर जा, दुसरीकडं न्हाई." मी सांगितलं, अगं जागा तीच आहे, खुर्ची तीच आहे. ती म्हणाली, "मला ठाव हाय, मॅडम." आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते काही कळलं नाही. बहुतेक गावात आणखी कुठली जागा निघाली असेल.

१ सप्टेंबर

एक चांगली गोष्ट सुचली. पालकांना विश्वास वाटावा म्हणून प्रत्येकाला मोबाइलवर संदेश पाठवला. मसुदा तीनदा बदलला. 'आपली मुलगी ऑगस्ट महिन्यात आमच्या स्टडी रूममध्ये रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उपस्थित होती.' प्रत्येकीचं नाव घालून, हजेरी तपासून. नसीमची हजेरी सगळ्यांत चांगली होती. तिच्या वडिलांना बरं वाटेल.

५ सप्टेंबर

नसीम चार दिवस नाही. फोन बंद.

८ सप्टेंबर

दिलावरभाईंकडे गेले होते. त्यांनी फडक्यानं स्टूल पुसून दिलं. हातातला पाना खाली ठेवला नाही.

"नसीम येत नाही. बरी आहे ना?"

"बरी हाय." मग म्हणाले, "तुमच्यावर राग न्हाई, मॅडम. पण त्यो मेसेज अशफाकनं वाचला. माज्या धाकट्या भावानं, फळाचा गाडा हाय त्येचा. मला मराठी वाचाया टाइम लागतो म्हणून मोबाइल त्येच्याकडं दिला. घरात पाव्हणे बसलेले. त्येनं मोठ्यानं वाचलं, नसीम दिवसभर रूममध्ये होती. आन् मला म्हणला, भाईजान, तुमी तर लायब्ररी म्हणलते."

"मी स्टडी रूम लिहिलं होतं."

"स्टडी कोण ऐकतंय? रूम ऐकलं समद्यांनी. या गल्लीत रूम कोण करतं, मॅडम? बाहेरगावची पोरं. एक गॅस, दोन चटया आन् रातभर पत्ते. हितं गाडी लावून उभी ऱ्हातेत आन् फोनवर बोलतेत, रूमवर हाय बे, रूमवर ये बे. आन् माजी पोरगी रूममध्ये?"

तेव्हा मला मुली का गेल्या ते कळलं. शिवांजलीचं 'दुसरीकडं' कळलं. पंखा बदलल्याची लाज वाटली.

"मी अशफाकभाईंना भेटते," मी म्हटलं. "सांगते की ती लायब्ररीच आहे."

ते लगेच उठले. "लई चांगलं होईल. वर बोलवा त्येला, कपाटं दाखवा. किती पुस्तकं हायेत?"

इथे 'आहेत भरपूर' म्हणणं सोपं होतं. आकडाही विचारला नसता त्यांनी पुन्हा. मी म्हटलं, "पुस्तकं नाहीत, दिलावरभाई. म्हणूनच बोर्ड बदलला."

"एक बी न्हाई?"

"नाही."

"जूनपासून?"

"जूनपासून."

त्यांनी समोरच्या गाडीचं चाक हातानं फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले. "म्हंजी म्या बी खोटंच बोललो की समद्यांपाशी," म्हणाले. मग पोराला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले. नको म्हणणं जास्त वाईट दिसलं असतं.

घरी ह्यांना सांगितलं. "हायेत म्हणायचं की. उद्या चार पुस्तकं आणून ठेवली असती."

"पण आज नव्हती."

"तुझं खरं दुसऱ्याला लई जड जातंय," हे म्हणाले आणि दुकानात गेले. ह्यांना रागानं बोलायचं नव्हतं, हे मला माहीत आहे.

९ सप्टेंबर

मुलगी रोज कुठे जाते, ते नाव तिनं घराला, घरानं गल्लीला सांगितलेलं असतं. त्या नावावर तिला दार उघडतं. मी ते नाव बदलताना तिला विचारलंसुद्धा नाही. नसीम सांगत होती, तेव्हा मी तिला वाक्य ऐकवलं.

परीक्षेला अडीच महिने आहेत.

११ सप्टेंबर

कॉलेजात सचिवांना भेटले. जिन्याखालची पोती मागितली. ते म्हणाले, "न्या, न्या, जिना मोकळा होईल." मी रीतसर पत्र मागितलं, त्यांनी हसून दिलं. ह्यांनी दुकानाचा टेम्पो पाठवला आणि मुलांच्या बाजूच्या चार खुर्च्या काढून दोन लोखंडी कपाटं उभी केली.

१८ सप्टेंबर

पुस्तकं विषयवार लावतेय. काहींना वाळवी लागली होती, ती बाजूला काढली. कॉलेजचा शिक्का रद्द करून आपला मारायचा, पाठीवर क्रमांक चिकटवायचा, सूचीत घ्यायचं. हे सगळं झाल्याशिवाय बोर्ड लावायचा नाही. अर्धवट लावला तर पुन्हा तेच होईल.

२२ सप्टेंबर

आज ह्यांच्याशी भांडण झालं. "आधी बोर्ड लाव. नंबर मागनं चिकटव."

"मग पुन्हा मास्तर वर येतील आणि—"

"मास्तर येतील तवा येतील. त्या पोरीची परीक्षा तुझ्या नंबरासाठी थांबणार हाय का?"

मी खूप बोलले. शिस्त, पद्धत, वाचकाचा हक्क. बोलून झाल्यावर पाहिलं तर हातात डिंकाची बाटली होती आणि समोर निम्म्याहून जास्त पुस्तकं कोरी. आठवडा गेला होता. हे काम करताना मला आनंद होत होता, तेही खरं. नसीमसाठी करतेय असं मी स्वतःला सांगत होते. कोणासाठी किती, ते वेगळं काढता येत नाही.

सिद्धारामला बोलावलं. तो म्हणाला, "मी म्हणलतो तुमाला." रंग ओला असतानाच खाली जाऊन दिलावरभाईंना सांगितलं, शुक्रवारी या, सगळ्यांना घेऊन या.

२६ सप्टेंबर

दुपारच्या नमाजनंतर दिलावरभाई आणि नसीमची आई समिनाभाभी आले. अशफाकभाई आले नाहीत. नसीम खालीच गॅरेजात थांबली होती, तिला वर आणलं नव्हतं.

मी कपाटं दाखवली. निम्म्या पुस्तकांना क्रमांक नाहीत, हेही सांगितलं. दिलावरभाईंनी मान हलवली. समिनाभाभी कपाटांकडे वळल्याच नाहीत. त्या मुलींच्या बाजूला गेल्या, खुर्च्या बघितल्या, खिडकीतून गॅरेज दिसतं का ते बघितलं, आणि दारापाशी थांबल्या.

"ही कडी आतून कावून?"

"मुलींना निवांत वाटावं म्हणून मी बसवली."

"त्यांना वाटत असंल. घरी बसणाराला न्हाई वाटत निवांत."

हे खालून पाना आणायला निघाले, पण दिलावरभाईंच्या खिशातच होता. त्यांनी स्वतः कडी काढली. चार भोकं राहिली, ती हे उद्या लांबी लावून बुजवतील. कडीनं मुलींना जपायचं म्हटलं होतं मी. एवढे दिवस त्या दारातून रोज जात होते आणि बाहेरून ते कसं दिसतं हे एकदाही मनात आलं नाही.

मग दिलावरभाई म्हणाले, "मला एक पुस्तक द्या. घरी न्यायला."

"कोणत्या विषयावरचं?"

"कोन्तं बी. जाडं द्या. दुरून दिसाया पायजे."

जाड म्हणून फळझाडांच्या रोगांवरचा पहिला भाग हाती आला. पुठ्ठ्याची बांधणी आहे, वाळवीही लागलेली नाही. त्यांनी उघडून पहिल्या पानावरचा 'लायब्ररी'चा शिक्का शोधला आणि ओला नाही ना म्हणून त्यावर अंगठा फिरवला.

"मुदत पंधरा दिवसांची," मी सांगितलं.

"बरं."

खिडकीतून पाहिलं. पुस्तक काखेत न मारता दोन्ही हातांनी पुढे धरून ते चालले होते. समोर तर गॅरेज, पण ते सरळ न जाता मशिदीकडून मोठा वळसा घेऊन गेले. पुस्तक इतकं जपून नेणारा वाचक मी कॉलेजात पाहिला नव्हता.

२९ सप्टेंबर

नसीम आली. आल्या आल्या डोकं टेकून झोपली.

१३ ऑक्टोबर

दिलावरभाईंच्या पुस्तकाची मुदत उलटली. नसीमजवळ निरोप देणं बरं नाही, तिला ओझं होईल. पण नियम सगळ्यांना सारखा हवा. उद्या स्वतः जाऊन सांगेन.

१४ ऑक्टोबर

जिना उतरत होते तेवढ्यात नसीमनं विचारलं, कुठं निघालात. सांगितलं.

ती एकदम उभी राहिली. "मॅडम, त्ये मागू नका. अब्बूंनी टीव्हीच्या वर उभं करून ठेवलंय. येणाराजाणारा इचारतो, हे काय? अब्बू म्हणतात, नसीमच्या लायब्ररीचं हाय."

मी परत वर आले. मुदत पंधरा दिवस वाढवली. वाचकानं विनंती केल्याशिवाय मुदत वाढवण्याची माझ्या नोकरीतली ही पहिलीच वेळ. नोकरी आता नाही, तेही खरं.

१७ ऑक्टोबर

शिवांजलीला फोन केला. म्हटलं, बोर्ड पुन्हा लायब्ररीचा आहे, पुस्तकंही आहेत, कडीही काढली, घरच्यांना घेऊन ये.

"आता काय, मॅडम," ती म्हणाली. "दिवाळीनंतर तारीख हाय. या तुमी लग्नाला."

मुलगा कोण, काय करतो, सगळं सांगितलं तिनं. आवाज चांगला होता. बोर्ड बदलला नसता तरी हे झालं असतं का? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "झालंच असतं." लगेच म्हणाले, म्हणून विश्वास बसत नाही. तिची खुर्ची रिकामी ठेवली होती, ती आज दुसऱ्या मुलीला दिली.

४ नोव्हेंबर

सासूबाई कपिलधारला दर्शनाला गेल्या आहेत, घरात कुणी नाही. तरी वही इथे वरच घेऊन आले. हल्ली इथेच लिहिते, उजेड बरा पडतो. परवा शेजारच्या बाई मला शोधत आल्या, तर सासूबाईंनी परस्पर सांगितलं, "लायब्ररीत हाय ती." आणि त्या आल्या पावली गेल्या. कुणी वर हाक मारायला येत नाही. याचा उल्लेख का करावासा वाटला, कळत नाही.

रामहरी मास्तरांना पोरांनी हाताला धरून वर आणलं. त्यांनी एक पुस्तक काढलं, क्रमांक उलटा चिकटलाय हे दाखवलं, आणि दोन तास वाचत बसले.

२१ नोव्हेंबर

परवा नसीमची परीक्षा. आज तिला लवकर घरी जा म्हटलं, गेली नाही. दिवेलागणीला निघताना माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"मॅडम, त्ये पुस्तक टीव्हीवर न्हाई आता."

"हरवलं?"

"न्हाई. अशफाकचाचानं नेलं. त्यांनी यंदा नेकनूरच्या अंगाला सीताफळाची बाग घेतली ना, फळं काळी पडायली होती. गाड्यावर बसून वाचत्यात. काल घरी आलते. म्हणले, नसीम, तुज्या लायब्ररीत ह्याचा दुसरा भाग हाय का?"

"तुझ्या लायब्ररीत, असं म्हणाले?"

"असंच म्हणले."

दुसरा भाग आहे. खालच्या कप्प्यात, क्रमांक अजून दिलेला नाही. आणि नियम असा की पहिलं पुस्तक परत आल्याशिवाय दुसरं मिळत नाही. अठरा वर्षं मी त्या नियमापायी मुलांचे शिव्याशाप घेतले.

पुस्तक काढलं, फडक्यानं पुसलं, पहिल्या पानावर शिक्का मारला आणि तिच्या हातात दिलं. तिनं पान उघडून त्यावर अंगठा फिरवून पाहिला, आणि पुस्तक दोन्ही हातांनी पुढे धरून जिना उतरली.